पिकअपचे नाक खाली का असते? बैलगाडीच्या ‘उलाळा’पासून लेव्हलिंग किटपर्यंत

१/
लासलगावच्या कांदा बाजारातून किंवा पिंपळगाव बसवंतच्या टोमॅटो बाजारातून रिकाम्या होऊन परतणाऱ्या पिकअपची रांग एकदा बाजूने पाहावी. जवळजवळ प्रत्येक गाडीची मागची बाजू उंच आणि नाक किंचित खाली झुकलेले दिसते. याच गाड्या माल भरून आल्या, तेव्हा बहुतेक सपाट होत्या. काहींची तर मागची बाजू बसलेली होती.

२/
हे झुकलेले नाक अनेक तरुण मालकांना खटकते. पुढची बाजू चार-पाच सेंटीमीटर उचलून गाडी सपाट करणाऱ्या सुट्या भागांच्या संचाला ‘लेव्हलिंग किट’ म्हणतात. कोणते किट निवडावे, हा प्रश्न वरकरणी गॅरेजचा आहे. मात्र त्याआधी आणखी एक प्रश्न येतो, आणि तो इतिहासाचा आहे: हे नाक मुळात खाली ठेवले कोणी, आणि कशासाठी? #धागा #नाशिक

३/
सुरुवात बैलगाडीपासून करू. दुचाकी बैलगाडीत सारा भार एकाच आसावर तोललेला असतो. माल मागे जास्त झाला की धुरा वर उचलली जाते, जू बैलांच्या मानेवरून सुटू पाहते आणि जोत्याचा फास गळ्याला बसतो. अशा गाडीला मराठीत ‘उलाळ’ म्हणतात. माल फार पुढे गेला, तर सगळे ओझे बैलांच्या खांद्यावर येते. म्हणून जाणता गाडीवान पोती रचतानाच आसाच्या किंचित पुढे वजन ठेवी.

४/
चढावर गाडी आपोआप उलाळ होऊ लागते. मुंबई-आग्रा रस्त्याने थळ घाट, म्हणजे आजचा कसारा घाट, चढणाऱ्या गाडीवानाला हे कोणी शिकवण्याची गरज नव्हती. चढ आला की तो स्वतः पुढे सरकून धुरेवर बसे. पुढे-मागे उंची किती असावी हे मालाने ठरते, ही समज मोटारीच्या कितीतरी आधीची आहे.

५/
पुढचा टप्पा पोलादी पाट्यांचा. एकावर एक रचलेल्या पट्ट्यांची कमान घोडागाड्यांना बसवण्याची पद्धत युरोपात आधीपासून होती. इंग्लंडमध्ये १८०५ च्या सुमारास ओबडाया एलियट याने तिची लंबवर्तुळाकार रचना रूढ केली. आपल्याकडचे मिस्त्री आजही यांना ‘पाटे’च म्हणतात. पाट्यांचा गुण असा की संख्या आणि जाडी वाढवली की ते अधिक भार पेलतात. आणि दोष असा की भार नसताना ते ताठ राहतात. रिकामी गाडी मग उंच उभी राहते आणि दणके देते.

६/
एप्रिल १९२५ मध्ये फोर्ड कंपनीने मॉडेल टी या मोटारीची पिकअप आवृत्ती बाजारात आणली. किंमत होती २८१ डॉलर. त्यापूर्वी शेतकरी आपल्या मोटारीला मागे लाकडी पेटी ठोकून काम भागवीत. आता कारखान्यातूनच हौदा मिळू लागला. या गाडीत हौदा आणि उघडता येणारे फळके यांच्याबरोबर आणखी एक बदल होता: मागे अधिक भक्कम पाटे. पिकअपची मागची बाजू अशी कारखान्यातच मालासाठी राखली गेली.

७/
पुढच्या बाजूचा इतिहास वेगळ्या दिशेने गेला. १९३४ च्या सुमारास जनरल मोटर्सने आपल्या प्रवासी मोटारींत पुढची दोन्ही चाके स्वतंत्रपणे हलतील अशी रचना आणली. एका चाकाचा धक्का दुसऱ्यापर्यंत न पोचल्याने प्रवास सुखाचा झाला. १९६० मध्ये शेवरलेने हीच कल्पना पिकअपच्या पुढच्या बाजूला लावली आणि तिथे पाट्यांऐवजी पिळल्या जाणाऱ्या पोलादी दांड्या, म्हणजे टॉर्शन बार, वापरल्या.

८/
यातून आजच्या पिकअपचा स्वभाव घडला. पुढची बाजू चालकाच्या सुखासाठी, मागची मालासाठी. माल नसताना मागची बाजू उंच राहते, माल चढला की खाली येऊन पुढच्या बरोबरीला बसते. खाली झुकलेले नाक म्हणजे अजून न चढलेल्या मालासाठी राखून ठेवलेली जागा.

९/
अमेरिकेत मात्र पिकअपचा उपयोग बदलत गेला. १९७७ पासून फोर्डची एफ-मालिका तिथे सर्वाधिक खपणारी पिकअप राहिली आहे, आणि तिचे कितीतरी ग्राहक शेतकरी नाहीत. तिथल्या ‘हाफ-टन’ या नावाचा जुना अर्थ १,००० पौंड, म्हणजे सुमारे ४५० किलो माल. ती गाडी अनेकदा रिकामीच कार्यालयात जाते आणि परत येते. हौदा रिकामा असेल, तर मागची उंची निरर्थक वाटते. लेव्हलिंग किटची मागणी या रिकाम्या हौद्यातून आली.

१०/
नाशिकची परिस्थिती पाहा. १९४५ मध्ये ‘महिंद्र अँड मोहम्मद’ या नावाने सुरू झालेली आणि १९४८ मध्ये ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालेली कंपनी मुंबईत माझगावला जीप जोडू लागली. त्या युद्धकालीन जीपला चारही चाकांवर पाटे होते. पुढे कंपनीचा कारखाना नाशिकला आला. २००० मध्ये बाजारात आलेली बोलेरो आणि २००२ मधील स्कॉर्पिओ या गाड्यांशी शहराचे नाव जोडले गेले. बोलेरो पिकअपच्या एका प्रकाराची नोंदलेली भारक्षमताच १.७ टन आहे. जुन्या अमेरिकी ‘हाफ-टन’च्या जवळजवळ चौपट.

११/
त्यामुळे किट निवडताना पहिला प्रश्न असा: वर्षातले किती दिवस हौदा भरलेला असतो? उत्तर मोजून काढता येते. सपाट जमिनीवर, टायरमधली हवा योग्य असताना, चाकाच्या मध्यबिंदूपासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर पुढे आणि मागे मोजावे. मग नेहमीचा माल भरून तेच पुन्हा करावे. मालाने मागची बाजू किती बसते हे कळल्याशिवाय पुढची किती उचलावी हे कळत नाही.

१२/
उदाहरण घेऊ. रिकामी गाडी मागे ५ सेंमी उंच आहे आणि नेहमीच्या मालाने ७ सेंमी बसते. किट नसताना भरलेली गाडी मागे २ सेंमी खाली राहील. पुढे ५ सेंमीचे किट बसवले, तर हाच फरक ७ सेंमी होईल. दोन आसांतले अंतर ३ मीटर धरले, तर ५० मीटरवर दिव्याचा झोत गाडी सपाट असतानाच्या तुलनेत सुमारे १.१५ मीटर वर जातो. म्हणजे समोरून येणाऱ्याच्या थेट डोळ्यांत.

१३/
रात्री द्राक्षे किंवा भाजी भरून वाशीच्या बाजाराकडे निघालेली गाडी आणि समोरून येणारा दुचाकीस्वार यांच्यात या गणिताची किंमत ठरते. गाडीवान उलाळ गाडीकडे दुर्लक्ष करी, तेव्हा फास त्याच्या बैलाला बसे. इथे तो अनोळखी माणसाला बसतो.

१४/
गाडी बहुतांश रिकामी किंवा हलक्या मालाची असेल, तर प्रकार ओळखून निवड करावी.
• स्प्रिंगच्या जोडणीवर बसणारा स्पेसर: स्वस्त, स्प्रिंगचा ताठरपणा तोच राहतो, पण चाक पूर्ण खाली लोंबल्यावर सांध्यांवर ताण येऊ शकतो.
• स्प्रिंग आधीच दाबून ठेवणारा स्पेसर: चाकाची खाली जाण्याची मोकळीक घटते, खड्ड्यात गाडी आपटते.
• टॉर्शन बारची चावी बदलणे: दांडा असलेल्या गाड्यांनाच लागू, अति पिळल्यास हाच त्रास.
• नवी स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर यांचा जुळलेला संच: महाग, पण उंची आणि चाल यांचा मेळ राखणारा.

१५/
पुढची चाके इंजिनाच्या जोरावर फिरत असतील, तर उंचीबरोबर त्यांच्या दांड्यांचा कोन वाढतो आणि सांधे लवकर झिजतात. कोणतेही किट बसवले, तरी चाकांचे अलाइनमेंट आणि दिव्यांची दिशा पुन्हा जुळवणे अनिवार्य. मूळ फरकापेक्षा थोडे कमी उचलणे नेहमी शहाणपणाचे. आणि किटने भारक्षमता एका किलोनेही वाढत नाही.

१६/
कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कठोरपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद झाली. म्हणून पैसे देण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी या दोघांना विचारावे.

१७/
ज्या गाडीचा हौदा हंगामात रोज भरतो, तिला बहुधा सर्वांत योग्य किट म्हणजे किट न बसवणे. तिचे नाक रिकाम्या फेरीत खाली दिसते, कारण पुढच्या फेरीत तिला दीड टन कांदा उचलायचा आहे. पुढच्या वेळी बाजार समितीबाहेर अशी गाडी दिसली, तर तिच्या मागच्या पाट्यांकडे अवश्य पाहावे. गाडीवान धुरेवर सरकून जो तोल सांभाळत असे, तो आता या पाट्यांनी सांभाळला आहे.