मालकी कोणाची?

इटलींतील असीसी गांवीं पिएत्रो बर्नार्दोने नांवाचा कापडाचा सधन व्यापारी होता. त्याचा मुलगा फ्रान्सिस यानें दुकानांतील कापड विकून पडक्या देवळाच्या डागडुजीसाठीं पैसा उभा केला, तेव्हां बापानें त्याला बिशपापुढें खेंचलें. हा प्रसंग १२०६ सालचा. मुलानें पैसा तर परत केलाच, पण अंगावरचे कपडेही उतरवून बापापुढें ठेवले.

एकट्यानें निःसंग होणें तितकेंसें अवघड नाहीं. त्या काळच्या मठांतील साधूही व्यक्तिशः निर्धन असत; मठाच्या नांवें मात्र शेतीवाडी भरपूर असे. फ्रान्सिसनें संघालाच मालकी नाकारली. पोप तिसरा होनोरियस यानें १२२३ सालीं मान्य केलेल्या नियमांत, घर, जागा वा कसलीही वस्तु आपली म्हणूं नये आणि नाणें दुसऱ्याच्या हातूनसुद्धां घेऊं नये, असा दंडक आहे.

१२२६ सालीं फ्रान्सिस निवर्तला. संघ वाढत होता. शिकविणाऱ्यांना पुस्तकें हवींत, आजाऱ्यांना निवारा हवा. मग ह्या वस्तु कोणाच्या? साधूंनीं वापराव्या, मालकी मात्र पोपच्या गादीची, अशी तोड निघाली आणि १२७९ सालीं तिसऱ्या निकोलसानें तिच्यावर शिक्कामोर्तब केलें. जमीन देवाची, वहिवाट पुजाऱ्याची, ही व्यवस्था ज्यांनीं पाहिली आहे त्यांना यांतली मेख निराळी सांगावयास नको.

पोप बाविसावा जॉन कायद्यांत मुरलेला होता. जी वस्तु वापरतांच संपते, त्या भाकरीचा उपभोग एकाचा व मालकी दुसऱ्याची, हें कसें, असें त्यानें १३२२ सालीं विचारलें आणि ती मालकी झुगारून दिली. युक्तिवाद बिनतोड होता, हें मान्य केलें पाहिजे. पण पुढच्याच वर्षीं, ख्रिस्त व त्याचे प्रेषित यांच्या मालकीचें कांहींच नव्हतें असें हट्टानें म्हणणें त्यानें पाखंड ठरविलें! तत्पूर्वीं, १३१८ सालीं, आखूड वस्त्रें वापरण्याचा व धान्याचीं कोठारें न ठेवण्याचा आग्रह न सोडणारे चार साधु मार्सेय येथें जाळले गेले होते. एवढ्याशा गोष्टीसाठीं एवढी क्रूर शिक्षा कां? गुरु निर्धन होता तर त्याचें चर्च धनवान कसें, हा अवघड प्रश्न त्या आखूड वस्त्रांमागें उभा होता. संघाचा प्रमुख, चेझेनाचा मायकेल, अखेर १३२८ सालीं पोपच्या आव्हिन्यों नगरींतून पळाला. तत्त्वज्ञ विल्यम ऑकम त्याच्याबरोबर होता.

ह्या वादाचा एक धागा थेट ठाण्यास पोंचतो. तोलेन्तिनोचा थॉमस हा कडव्या निर्धनतेच्या पक्षाचा; त्यापायीं त्यानें इटलींत कारावास भोगला, आणि सुटल्यावर त्याची रवानगी आर्मेनियाकडे झाली. १३२१ सालीं चीनच्या वाटेवर तो तीन सोबत्यांसह ठाण्यास उतरला. तेथें धर्मविषयक वाद उपस्थित होऊन चौघेही मारले गेले. पुढें ओडोरिक नांवाचा फ्रान्सिस्कन प्रवासी ठाण्यास आला. त्यानें त्यांच्या अस्थि उचलल्या आणि समुद्रमार्गें चीनला नेल्या.