प्रश्नकर्त्याचे कर्तव्य

उमेदवारास प्रश्न विचारणे आणि त्यास आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे, यांत मोठे अंतर आहे. २६ सप्टेंबर १९६० रोजी शिकागो येथे केनेडी व निक्सन यांचा पहिला वादविवाद दूरचित्रवाणीवर झाला. प्रश्नकर्त्या चार वार्ताहरांपैकी सँडर व्हॅनोकर यांनी निक्सन यांच्यासमोर स्वतःचे मत नव्हे, तर अध्यक्ष आयझेनहॉवर यांचेच उद्गार ठेवले. उपाध्यक्षांची कोणती मोठी कल्पना आपण स्वीकारली, असे विचारता आयझेनहॉवर म्हणाले होते की, आठवडाभर अवधी दिल्यास एखादी आठवेलही. ते विनोदाने बोलले असावेत, असे निक्सन यांनी सांगितले; परंतु ज्या अनुभवाच्या बळावर ते मत मागत होते, तोच कसास लागला.

६ ऑक्टोबर १९७६ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे अध्यक्ष फोर्ड यांनी पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नसल्याचे विधान केले. मॅक्स फ्रँकेल यांनी तोच मुद्दा नम्रपणे पुन्हा विचारला. विधान सावरण्याची ती संधी होती; फोर्ड यांनी ते अधिकच दृढ केले.

प्रश्न पुराव्यास धरून असावा, उत्तरास वाव असावा. प्रश्नकर्ता मतदाराच्या वतीने बसतो. निवाडा मात्र त्याने मतदारावरच सोपवावा.