'प्रादेशिक' बालक कोणता? : मराठी बालदूरचित्रवाणी आणि कोल्हापूर

मराठी बालसाहित्याचा इतिहास साधारणपणे छापील संहितांच्या आधारे लिहिला जातो. वासुदेव गोविंद आपटे यांचे 'आनंद' (१९०६), पाठ्यपुस्तक मंडळाचे 'किशोर' (१९७१) यांसारखी मासिके, आणि त्यांच्या जोडीला १९५९ साली सुधा करमरकर यांनी 'लिट्ल थिएटर'द्वारे उभी केलेली बालरंगभूमी, एवढ्या टप्प्यांवर तो थांबतो. सत्तरच्या दशकापासून शाळा सुटल्यानंतर मुले ज्या संहिता पाहत व ऐकत होती, त्या दूरचित्रवाणीच्या संहितांना या इतिहासात जागा मिळालेली नाही. संहिता मुद्रित नसणे हे त्याचे उघड कारण आहे. दिलीप प्रभावळकर यांचा 'बोक्या सातबंडे' मुळात आकाशवाणीसाठी लिहिला गेला, पण बालसाहित्यात त्याची नोंद झाली ती तो पुस्तकरूपाने आल्यावर. ध्वनी आणि चित्र यांच्यासाठी झालेले लेखन केवळ छपाईअभावी साहित्याबाहेर राहते, याचेच हे उदाहरण होय.

मात्र ही केवळ नोंदींची उणीव नाही. प्रत्येक संहिता एक श्रोता वा वाचक गृहीत धरून रचलेली असते. समीक्षेत ज्याला 'अभिप्रेत वाचक' म्हटले जाते, त्याच धर्तीवर बालकार्यक्रमातही एक 'अभिप्रेत बालक' असतो. मराठी दूरचित्रवाणीने स्वतःला 'प्रादेशिक' म्हणवून घेतले, तेव्हा तिला अभिप्रेत असलेला प्रदेश कोणता आणि त्या प्रदेशातील बालक कोण, हा प्रश्न मुंबईतून पाहिला असता फारसा जाणवत नाही. कोल्हापूरसारख्या शहरातून पाहिला असता तो टाळता येत नाही.

'प्रादेशिक' या संज्ञेचा अर्थ सर्वत्र सारखा नसतो. ब्रिटनमध्ये १९५५ साली आयटीव्हीची स्थापना झाली, ती भूप्रदेशानुसार कंपन्यांना परवाने देऊन. दक्षिण इंग्लंडच्या सदर्न कंपनीचा 'हाउ' (१९६६-१९८१) किंवा लंडनच्या थेम्स कंपनीचा 'मॅगपाय' (१९६८-१९८०) हे शाळेनंतरच्या वेळेतील कार्यक्रम देशभर दिसत. पण 'ग्लेन मायकेल्स कार्टून कॅव्हलकेड' (१९६६-१९९२) हा कार्यक्रम स्कॉटलंडमधील कंपनीचा होता आणि त्याचा मूळ प्रेक्षकही तिथलाच होता. १९८३ साली 'चिल्ड्रन्स आयटीव्ही' या एकाच नावाखाली ही वेळ देशभर एकसूत्री करण्यात आली. तिथे प्रदेश हे निर्मितीचे स्थळ होते. भारतात प्रदेशाचा अर्थ प्रामुख्याने भाषा असा झाला, आणि भाषेचे निर्मितिस्थळ एकाच महानगरात एकवटले.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. केंद्राचे शहर बहुभाषिक असल्यामुळे मुलांसाठीचा वेळही भाषांत वाटला गेला : मराठीत 'किलबिल', गुजरातीत 'संताकूकडी', हिंदीत 'खेल खिलौने' आणि इंग्रजीत 'मॅजिक लॅम्प'. या वाटणीतच मूळ कल्पना स्पष्ट होते. 'किलबिल'चा अभिप्रेत बालक हा महाराष्ट्राचा बालक असण्याआधी मुंबईतील मराठी बालक होता. शेजारच्या घरातील गुजराती वा हिंदी बालकाच्या तुलनेत त्याची ओळख ठरत होती. १९७३ साली सिंहगडावरील सहक्षेपणामुळे पुणे या कक्षेत आले. पुण्यापासून सुमारे २३० किलोमीटर दक्षिणेस असलेले कोल्हापूर या कक्षेबाहेर होते. तिथल्या मुलांच्या कानी प्रसारणातील मराठी येत होती ती आकाशवाणीच्या, विशेषतः १९६३ साली सुरू झालेल्या सांगली केंद्राच्या, माध्यमातून.

या परिस्थितीत एक ऐतिहासिक विपर्यास आहे. बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी याच शहरातली. 'प्रभात'ची स्थापनाही १९२९ साली इथेच झाली आणि १९३३ साली ती पुण्याला गेली. मराठी चलच्चित्राची भाषा ज्या शहराने घडवली, तेच शहर दूरचित्रवाणीच्या युगात केवळ ग्राहक झाले. चित्रपटाच्या प्रारंभीच्या काळात कोल्हापूरचा कारागीर, चित्रकार, नट निर्मितीच्या केंद्रस्थानी होता. दूरचित्रवाणीत त्याच्या नातवंडाला फक्त पडद्यासमोरची जागा मिळाली.

पुढे ही जागाही हिंदीच्या वाटेने मिळाली. १५ ऑगस्ट १९८२ पासून दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि १९८४ च्या सुमारास देशभर लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रांचे जाळे झपाट्याने पसरले. उपग्रहाशी जोडलेली ही केंद्रे प्रारंभी मुख्यतः दिल्लीचेच प्रसारण दाखवीत. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या बाहेरील अनेक शहरांत 'दूरदर्शन' हा अनुभव आला तोच मुळी हिंदी भाषेचा अनुभव म्हणून. मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे यांची 'एक अनेक और एकता' (१९७४) ही फिल्म्स डिव्हिजनची चित्रकृती जिल्ह्याजिल्ह्यांतील मराठी मुलांच्या स्मरणात हिंदीतूनच राहिली, हे या संदर्भात बोलके आहे.

मुंबई-पुण्याबाहेरच्या बालकाला उद्देशून निर्मिती करण्याचा मोठा संस्थात्मक प्रयत्न 'बालचित्रवाणी'ने केला. राज्य शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था म्हणून १९८४ साली पुण्यात ती सुरू झाली. १९८३ साली अवकाशात गेलेल्या इन्सॅट-१ बी उपग्रहामुळे अशा संस्था सहा राज्यांत शक्य झाल्या होत्या. ग्रामीण शाळांपर्यंत पोहोचणे हा त्यांचा घोषित हेतू होता. परंतु इथे बालकाची भूमिका बदलली : 'किलबिल'चा बालक खेळगडी होता, 'बालचित्रवाणी'चा बालक विद्यार्थी होता. महानगरातील मुलाला शाळेनंतरची संध्याकाळ मिळाली आणि खेड्यातील मुलाला पडद्यावरही वर्गच मिळाला, अशी ही विभागणी होती. हेतूंच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका न घेताही तिच्यातील विषमता नोंदवावी लागते.

ही विषमता सर्वांत स्पष्टपणे भाषेत दिसते. कोल्हापूर परिसरात मुली आणि स्त्रिया स्वतःविषयी 'मी येतो', 'मी जातो' असे बोलतात. पडद्यावरची मुलगी मात्र 'मी येते', 'मी जाते' असेच म्हणे. व्याकरणाच्या दृष्टीने फरक एका मात्रेचा आहे. पण आपल्या आईचे, आजीचे बोलणे 'चुकीचे' आहे हे त्या मात्रेतून मुलीला शिकवले जाते. याच काळात प्रौढांच्या साहित्यात उलटे घडत होते. शंकर पाटील यांच्या 'वळीव'ने (१९५८) या भागातील बोलीला कथेत प्रतिष्ठा दिली; आनंद यादव यांच्या 'गोतावळा'ने (१९७१) ती निवेदनाच्या पातळीवर नेली; 'झोंबी'ने (१९८७) तर कागलच्या एका मुलाची शाळेसाठीची झुंज हाच विषय केला. म्हणजे कोल्हापूरचा बालक साहित्याचा विषय झाला, पण बालकार्यक्रमाचा संबोध्य झाला नाही. प्रौढ वाचकाला त्याची बोली चालत होती. खुद्द त्याच्याशी बोलताना मात्र प्रमाणभाषाच योग्य मानली गेली.

यावर एक आक्षेप संभवतो. प्रमाणभाषेचा परिचय हा बहुजन मुलांसाठी संधीचा दरवाजा होता आणि प्रसारणाने तो शाळेपेक्षा सौम्यपणे उघडला. हा आक्षेप सार्थ आहे. मूल काही निष्क्रिय ग्राहक नसते. पडद्यावरची भाषा ते खेळात वापरते, तिची नक्कल करते, तिची थट्टाही करते. परंतु दरवाजा एकाच बाजूने उघडणारा होता. कोल्हापूरच्या मुलाला मुंबई-पुण्याची मराठी कळू लागली. मुंबईच्या मुलाला कोल्हापूरची मराठी आपल्या वयाच्या मुलाच्या तोंडून, विनोदाचा विषय न होता, ऐकण्याची संधी क्वचितच मिळाली. प्रादेशिक दूरचित्रवाणीकडून नेमकी हीच देवाणघेवाण अपेक्षित होती.

१९९४ साली मराठीची स्वतंत्र उपग्रहवाहिनी सुरू झाली आणि २००० साली तिला 'सह्याद्री' हे नाव मिळाले. महाराष्ट्रभर एकच मराठी पडदा तांत्रिकदृष्ट्या शक्य झाला, तेव्हाच, १९९५ मध्ये, केबलवर कार्टून नेटवर्क अवतरले. शाळेनंतरची वेळ मराठीच्या हातून निसटली ती अशी. दूरवरच्या मुलांपर्यंत मराठी पोहोचली त्या क्षणी त्यांच्यापुढे जगाचा पर्याय उभा होता, आणि त्यांना मराठी पडद्याशी बांधून ठेवील असे त्यांचे स्वतःचे त्यावर फार थोडे होते.

'बालचित्रवाणी' २०१७ साली बंद झाली. तिने निर्मिलेले हजारो कार्यक्रम आणि त्यांच्या संहिता हे मराठी बालसाहित्याचे अमुद्रित दालन आहे. त्याचा अभ्यास केवळ स्मरणरंजन म्हणून करून चालणार नाही. कोणत्या बालकाला 'आपला' मानले गेले आणि कोणाला फक्त सुधारावयाचा विद्यार्थी समजले गेले, हे या संहितांतील संबोधने, बोली आणि मौने वाचूनच कळेल. छापील बालसाहित्यालाही हाच प्रश्न विचारावा लागेल; तिथले उत्तर वेगळे निघेल असे गृहीत धरण्याचे कारण नाही.