मातीचा कण आणि रयतेचा सारा

हिंगोलीच्या काळ्या रानात आमचे वडीलधारे ढेकूळ भिजवून बोटांत चोळीत आणि जमिनीची जात सांगत. १८४७ साली आमचा मुलूख निजामाचा; शेजारच्या मुंबई इलाख्यात विंगेट प्रभृतींनी प्रतबंदीचे नियम घालून दिले. तेथेही मातीचा पोत ठरे तो नजरेने व हातानेच, आणि त्यावर सारा बसे. हात चुकला तर भुर्दंड रयतेला!

पुढे १९२७ साली अमेरिकेत बुयुकोस यांनी हायड्रोमीटरची रीत मांडली. माती पाण्यात ढवळायची; वाळू आधी बसते, ०.००२ मिलिमीटरहून बारीक चिकण तरंगत राहते. पाणी किती दाट उरले, ते हायड्रोमीटर सांगतो. तो कुणाचे तोंड पाहत नाही.

२०१५ च्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा नोंदी आल्या. कणांच्या मापाची नाही. तोही आकडा शेतकऱ्याच्या हाती पडावा, ही आमची मागणी आहे.