ट्रेलरवरील शिडाची नौका : अमेरिकेतील वापरलेल्या छोट्या नौकांचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना

नौकानयनाच्या इतिहासलेखनात आरमारे, व्यापारी गलबते आणि सागरी मोहिमा यांना मानाचे स्थान मिळाले आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नोकरदार कुटुंबांनी मोटारीमागे ट्रेलर जोडून जी छोटी शिडाची नौका तलावावर किंवा जवळच्या किनाऱ्यावर नेली, तिच्याकडे मात्र अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आज मर्यादित पैशात अशी नौका घेऊ इच्छिणाऱ्यासमोर तीस-चाळीस वर्षांची जुनी, पूर्वी एकदोन मालकांनी वापरलेली नौका हाच सहज मिळणारा पर्याय असतो. ही जुनी नौका स्वस्त का मिळते, ती इतकी वर्षे टिकली कशी आणि ती घेणाऱ्यास नेमके काय मिळते, या प्रश्नांचा ऐतिहासिक दृष्टीने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

लाकडाकडून फायबरग्लासकडे

दुसऱ्या महायुद्धापूर्वी शिडाची नौका प्रामुख्याने लाकडाची असे. फळ्या जोडून बांधलेली नौका पाण्याबाहेर दीर्घकाळ ठेवली, तर लाकूड सुकून आकसते व सांधे उघडतात. त्यामुळे ती पाण्यातच नांगरून ठेवणे श्रेयस्कर ठरे. त्यासाठी धक्क्यावरील जागा, तिचे भाडे आणि दरवर्षीची रंगरंगोटी हे खर्च अटळ होते. साहजिकच हा छंद बहुतांशी सधन वर्गापुरता व क्लबांच्या सभासदांपुरता सीमित राहिला.

काचतंतू आणि राळ यांच्या मिश्रणातून साच्यावर घडविलेल्या फायबरग्लासने ही अट मोडली. ओहायो राज्यातील रे ग्रीन यांनी १९४० च्या दशकाच्या प्रारंभीच या पदार्थाची छोटी नौका तयार केली होती. पुढे १९५९ मध्ये पिअरसन कंपनीची २८ फुटी ट्रायटन ही नौका न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मांडली गेली आणि कौटुंबिक नौकांच्या मोठ्या प्रमाणावरील उत्पादनास गती आली. याच काळात सुती शिडांची जागा डेक्रॉनच्या कृत्रिम धाग्याच्या शिडांनी घेतली. फायबरग्लासची नौका वर्षभर अंगणात कोरडी राहिली तरी तिचे सांधे उघडत नाहीत. ट्रेलरवरील नौका ही कल्पना व्यवहार्य होण्यामागे हे कारण महत्त्वाचे होते. त्याचबरोबर एका साच्यातून हजारो सारख्या नौका निघू लागल्या आणि त्या लवकर नष्टही होईनात. जुन्या नौकांच्या बाजाराची बीजे येथेच पडली.

रस्ता, कायदा आणि नौकेची रुंदी

१९५६ च्या संघीय महामार्ग कायद्याने सुमारे ४१,००० मैलांच्या आंतरराज्य महामार्गांची योजना हाती घेतली. याच कायद्याने त्या रस्त्यांवरील वाहनांची रुंदी ९६ इंचांपर्यंत, म्हणजे आठ फुटांपर्यंत मर्यादित केली. नौका विशेष परवान्याशिवाय ओढून न्यायची, तर तिची रुंदी या मर्यादेत बसणे आवश्यक होते. पाण्यावरील स्थैर्यासाठी अधिक रुंदी हवी आणि रस्त्यासाठी कमी, या पेचातून त्या काळातील छोट्या नौकांचा आकार घडला. १९८२ च्या कायद्याने ही मर्यादा १०२ इंचांवर नेली.

दुसरा पेच खोलीचा होता. शिडाच्या नौकेस वाऱ्याच्या आडव्या दाबाविरुद्ध उभे राहण्यासाठी तळाशी कील, म्हणजे जड पाते लागते. परंतु खोल कील असलेली नौका ट्रेलरवर उंच बसते आणि उथळ उतारावरून पाण्यात सोडता येत नाही. बिजागरीप्रमाणे वर-खाली होणारी फिरती कील हे त्यावरील उत्तर ठरले. कॅलिफोर्नियातील रॉजर मॅकग्रेगर यांनी १९६० च्या दशकात व्हेंचर या नावाने अशा हलक्या व स्वस्त नौका बाजारात आणल्या.

कॅटलिना २२ : एक प्रातिनिधिक नौका

या प्रवाहाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे कॅटलिना २२ होय. फ्रँक बटलर यांनी कोरोनाडो ही आपली पूर्वीची कंपनी विकल्यानंतर कॅलिफोर्नियात कॅटलिना यॉट्सची स्थापना केली आणि १९७० च्या सुमारास ही नौका बाजारात आणली. तिची लांबी २१ फूट ६ इंच, रुंदी ७ फूट ८ इंच आणि फिरत्या कीलसह वजन सुमारे २,२५० पौंड होते. त्यांपैकी सुमारे ५५० पौंड एकट्या ओतीव लोखंडी कीलचे होते. कील वर घेतल्यास नौकेस दोन फूट, तर खाली सोडल्यास पाच फूट पाणी लागे. डोलकाठी बुडाशी बिजागरीवर असल्याने ती आडवी पाडून प्रवास करता येई. आत चारपाच जणांना झोपण्याची सोय होती. त्यामुळे शनिवार-रविवारी तलावावर मुक्काम आणि सुटीत शांत हवामान पाहून किनाऱ्यालगत सफर, हे दोन्ही एकाच नौकेने साधले.

या नौकेच्या १५,००० हून अधिक प्रती तयार झाल्या आणि १९९५ मध्ये अमेरिकन सेलबोट हॉल ऑफ फेममध्ये तिचा समावेश झाला. सारख्याच नौकांच्या मालकांची संघटना उभी राहिली, शर्यती सुरू झाल्या आणि दुरुस्तीचे ज्ञान एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाऊ लागले. जुन्या नौकेचे मूल्य टिकून राहण्यास या संघटित ज्ञानाचा व सुट्या भागांच्या उपलब्धतेचा मोठा हातभार लागला.

जलाशय कोणाचे?

नौका स्वस्त झाली तरी पाणी सार्वजनिक असणे आवश्यक होते. १९४४ च्या पूरनियंत्रण कायद्याने लष्कराच्या अभियंता विभागास जलाशयांवर मनोरंजनाच्या सोयी करण्याचा अधिकार दिला. नौका उतरविण्याचे पक्के उतार, वाहनतळ आणि मुक्कामाच्या जागा शासकीय खर्चातून उभ्या राहिल्या. समुद्रापासून शेकडो मैल दूर राहणाऱ्या कुटुंबासही शिडाची नौका बाळगणे त्यामुळे शक्य झाले.

तथापि या प्रक्रियेस निखळ लोकशाहीकरण म्हणता येत नाही. नॉर्थ डकोटातील गॅरिसन धरणामुळे मँडन, हिदात्सा व अरिकारा या मूलनिवासी जमातींच्या राखीव प्रदेशातील सुमारे दीड लाख एकर जमीन १९५० च्या दशकात पाण्याखाली गेली. नदीकाठची सुपीक शेती आणि एल्बोवुड्स हे गाव त्यात बुडाले. त्या पाण्यावर उभा राहिलेला साकाकाविया जलाशय आज नौकानयनासाठी प्रसिद्ध आहे. दक्षिणेकडील राज्यांत तर १९६० च्या दशकापर्यंत अनेक उद्याने व जलाशयांचे काठ वर्णभेदाने विभागलेले होते. एका वर्गास पाणी खुले होत असताना दुसऱ्यास त्याची किंमत मोजावी लागली, याची नोंद इतिहासाने घेणे क्रमप्राप्त आहे.

जुनी नौका : एक दस्तऐवज

वापरलेली नौका तपासणारा ग्राहक नकळत हा इतिहासच वाचत असतो. १ नोव्हेंबर १९७२ पासून अमेरिकेत प्रत्येक नव्या नौकेवर बारा अक्षरांकांचा ओळखक्रमांक बंधनकारक झाला. त्यावरून निर्माता व निर्मितीचा काळ समजतो. कील उचलणारा तारेचा दोर झिजला आहे काय, ती जिच्यावर फिरते ती खीळ सैल झाली आहे काय, हे पाहणे म्हणजे रस्त्यासाठी केलेल्या तडजोडीची किंमत तपासणे होय. डेकवर पाय ठेवताच तो दबत असेल, तर दोन थरांमधील लाकडी गाभ्यात पाणी मुरले असल्याचा संभव असतो. फायबरग्लास न कुजणारे असले, तरी त्यात दडलेले लाकूड कुजते.

ट्रेलरचे महत्त्वही तेवढेच आहे. गंजलेली चौकट, खराब झालेली बेअरिंगे व जुने टायर यांचा खर्च कधी कधी नौकेच्या किमतीएवढा होतो. नौका आणि ट्रेलर यांची कागदपत्रे बहुधा वेगवेगळी असतात, म्हणून दोन्हींच्या मालकीची खात्री करावी लागते. ओढणाऱ्या मोटारीचाही विचार हवा. ट्रेलर व सामान धरून वजन ३,००० पौंडांच्या पुढे जाते. १९७० च्या दशकातील अवजड मोटारींना ते पेलत असे. १९७३ च्या तेलसंकटानंतर मोटारी लहान होत गेल्या आणि अनेक घरांत नौका व मोटार यांचा मेळ बसेनासा झाला.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. छोट्या जुन्या नौकेची स्वस्ताई ही टिकाऊ पदार्थ, साच्यावरील उत्पादन, महामार्ग आणि सार्वजनिक जलाशय यांच्या संयोगातून निर्माण झाली.

२. नौकेचा आकार समुद्राइतकाच रस्त्याच्या कायद्यानेही ठरविला.

३. फायबरग्लासच्या टिकाऊपणाची दुसरी बाजूही आहे. मालकाने सोडून दिलेली नौका कुजून नाहीशी होत नाही आणि तिची विल्हेवाट लावण्याचा भार अखेर समाजावर पडतो. जुनी नौका विकत घेऊन वापरात ठेवणारी व्यक्ती हा भार काही वर्षे पुढे ढकलते, हे तिचे सामाजिक योगदान मानावे लागेल.

४. नौकेची मागितलेली किंमत हा एकूण खर्चाचा केवळ आरंभ असतो. शिडे, ट्रेलर व दुरुस्तीचे श्रम यांचा हिशेब मांडूनच तिचे खरे मूल्य ठरते.

सामान्य माणसाला शिडाच्या नौकेपर्यंत पोहोचविणारा मार्ग नौकेच्या कारखान्याइतकाच सार्वजनिक उताराच्या काँक्रीटने घडविला. हे उतार आणि त्यांच्यापुढील पाणी जोवर सर्वांना खुले राहील, तोवरच अंगणात उभ्या असलेल्या जुन्या नौकेला अर्थ राहील.