श्रमिक विशेष गाड्या : टाळेबंदीत अडकलेल्यांची घरवापसी

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी होती. २९ एप्रिलला केंद्रीय गृह मंत्रालयाने अडकलेले मजूर, विद्यार्थी, यात्रेकरू यांना बसने परतण्याची मुभा दिली आणि १ मेपासून श्रमिक विशेष गाड्या सुटू लागल्या.

या गाड्यांचे तिकीट खिडकीवर मिळत नसे. समजा, घर रायपूरच्या बूढापाऱ्यात आणि काम पुण्यात. अशा व्यक्तीने प्रशासनाकडे नाव नोंदवायचे, तपासणीत लक्षणे नसली तरच प्रवास, आणि तिकीट राज्य शासनामार्फत हाती. सुरुवातीला दोन्ही राज्यांची संमती लागे. त्यामुळे नाव नोंदवूनही थांबावे लागे. पोहोचण्याच्या राज्याच्या संमतीची अट १९ मे रोजी निघाली.

भाडे कोणी द्यायचे, हा खरा वादाचा मुद्दा. मजुरांकडून भाडे घेऊ नये, ते राज्यांनी वाटून घ्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ मे रोजी दिला. तोवर काहींनी पदरचे पैसे भरलेही होते. ऑगस्टअखेर ६३ लाखांहून अधिक प्रवासी या गाड्यांनी परतले.

गाड्या बंद झाल्या, तरी कामासाठी परराज्यात राहणाऱ्यांना ‘एक देश, एक शिधापत्रिका’ ही सोय आज लागू आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखालील शिधापत्रिका असल्यास आधार पडताळणी करून कोणत्याही राज्यातील रास्त भाव दुकानातून धान्य घेता येते. नवी शिधापत्रिका काढावी लागत नाही. आपण काही धान्य तिकडे उचलले, तर उरलेले गावाकडील कुटुंबाला घेता येते. असंघटित कामगारांनी ई-श्रम नोंदणीही करावी. मदत क्रमांक १४४३४.