दान देहाचे, आधार द्रव्याचा

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी अवयवदानाविषयी काही लिहावे, असे कार्यकारिणीने मला सुचविले. या दानाचा महिमा सांगणारे लेख पुष्कळ येतात. मी मात्र या दानापाठीमागचा पैसा कोठून आला, याचा थोडा इतिहास सांगणार आहे. दधीची ऋषींनी आपल्या अस्थी दिल्या, ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. पण त्या अस्थींचे वज्र घडविण्यास त्वष्ट्यासारखा कारागीर लागला, हे आपण विसरतो. दान विनामूल्य असले, तरी ते दुसऱ्याच्या उपयोगी पडावयाचे तर मध्ये कारागीर, साधने आणि खर्च ही येतातच.

प्रारंभ डोळ्यांपासून झाला. बुबुळावरील पारदर्शक पडदा एका माणसाचा दुसऱ्यास बसविण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया १९०५ साली युरोपात झाली. आपल्या देशातील पहिली नेत्रपेढी १९४५ साली मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयात निघाली. मुंबई राज्याने १९५७ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. पुढे १९७६ साली केंद्र सरकारने अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि कालांतराने नेत्रपेढ्यांना जमविलेल्या नेत्रांच्या हिशेबाने अनुदान मिळू लागले. डोळे देणाऱ्यास एक पैसा नाही, पण डोळे आणणाऱ्या गाडीचा, ते जपून ठेवण्याचा आणि तपासणीचा खर्च समाजाने उचलावयाचा, हे तत्त्व येथे प्रथम दृढ झाले.

मूत्रपिंड व हृदय यांची वाट अधिक बिकट होती. १९६५ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात मृत व्यक्तीचे मूत्रपिंड रोग्यास बसविण्याचा देशातील पहिला प्रयत्न झाला. डिसेंबर १९६७ मध्ये डॉ. बर्नार्ड यांनी दक्षिण आफ्रिकेत जगातील पहिले मानवी हृदयरोपण केले आणि अवघ्या काही आठवड्यांत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी के. ई. एम. मध्येच तसे धाडस केले. रोगी काही तासच जगला. के. ई. एम. हे महानगरपालिकेचे, म्हणजे करदात्यांच्या पैशावर चालणारे रुग्णालय आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पुढे १९७१ साली वेल्लोरला जिवंत दात्याचे मूत्रपिंड यशस्वीपणे बसविण्यात आले.

१९८० नंतर परका अवयव शरीराने झिडकारू नये यासाठी नवी प्रभावी औषधे आली आणि शस्त्रक्रिया वाढल्या. त्याबरोबर एक लाजिरवाणी गोष्टही वाढली. गरिबाच्या अडचणीचा फायदा घेऊन त्याचे मूत्रपिंड विकत घेण्याचा धंदा सुरू झाला. तो रोखण्यासाठी संसदेने १९९४ साली मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा केला. ४ फेब्रुवारी १९९५ पासून तो महाराष्ट्र, गोवा व हिमाचल प्रदेशात लागू झाला. मेंदूचा मृत्यू म्हणजेच मृत्यू, हे त्याने मान्य केले आणि अवयवांची खरेदी-विक्री गुन्हा ठरविली. २०१४ च्या नियमांनी आणखी एक दिलासा दिला. अवयव काढणे, जपणे व नेणे यांचा खर्च दात्याच्या कुटुंबावर पडू नये. तो रोग्याने, रुग्णालयाने, सरकारने अथवा सेवाभावी संस्थेने सोसावा.

मग रोग्याचे काय? महाराष्ट्र शासनाने २०१२ साली काही जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली व नोव्हेंबर २०१३ मध्ये ती ठाण्यासह साऱ्या राज्यात नेली. इतर उपचारांसाठी वर्षाला कुटुंबामागे दीड लाख, तर मूत्रपिंडरोपणासाठी अडीच लाख रुपयांची मर्यादा होती. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव मिळाले आणि २०२३ च्या शासन निर्णयाने रोपणाची मर्यादा साडेचार लाख झाली. हा पैसा रोग्याच्या हाती न पडता थेट रुग्णालयास जातो. डिसेंबर २०१६ मध्ये रोकडविरहित गाव म्हणून गाजलेल्या धसईला ही पद्धत समजावून सांगावयास नको!

परंतु शस्त्रक्रियेने खर्च संपत नाही. औषधे जन्मभर घ्यावी लागतात. केंद्राच्या राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण कार्यक्रमात दारिद्र्यरेषेखालील रोग्यास या औषधांसाठी दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद करण्यात आली. पण मुरबाड, कल्याण करीत मुंबई गाठण्याचे भाडे, सोबतीच्या माणसाची बुडालेली मजुरी आणि तेथील जेवणखाण यांचा भार घरावरच पडतो.

येथे भगिनींना एक आकडा सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९९५ ते २०२१ या काळात देशात ३६,६४० प्रत्यारोपणे नोंदली गेली. त्यांपैकी स्त्रियांच्या वाट्याला केवळ ६,९४५ आली. उरलेली सारी पुरुषांची. जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत मात्र स्त्रियाच बहुसंख्य आहेत. आई देते, पत्नी देते, बहीण देते. घेण्याची पाळी तिची आली की घरात पैशाचा हिशेब मांडला जातो. सरकारी साहाय्य कुटुंबाला मिळते हे खरे, पण कुटुंबात ते कोणासाठी मागावयाचे, हे घरच ठरविते. ही विषमता कोणत्याही अनुदानाने आपोआप जाणार नाही.

म्हणून मंडळापुढे माझ्या दोन सूचना आहेत. पहिली, प्रत्येक सभासदाच्या घरचे रेशनकार्ड व इतर कागद योजनेसाठी तयार आहेत की नाहीत, हे वर्षातून एकदा पाहावे, आणि ते पाहताना सासूबाई व सुना यांची नावे आधी तपासावी. दुसरी, मंडळाने वर्गणीतून थोडी रक्कम बाजूला ठेवून प्रवासखर्चाचा एक लहानसा निधी उभारावा. गावात कोणाचे नेत्रदान व्हावयाचे असेल, तर मृत्यूनंतर सुमारे सहा तासांच्या आत नेत्रपेढीची माणसे पोहोचावी लागतात. तेवढ्या वेळात दूरध्वनी करणारी एक जाणती बाई आणि गाडीभाड्याची सोय आपण करू शकलो, तरी पुष्कळ झाले. सरकारचा पैसा रुग्णालयाच्या दारापर्यंत येतो. दारापर्यंत माणसाला नेण्याचे काम शेजाऱ्यांचेच आहे.